ड्रायव्हरच्या सीटखालची टाकी

दुसऱ्या महायुद्धातील एखादी अस्सल जीप जुन्या मोटारींच्या मेळाव्यात किंवा लष्करी संग्रहालयात पाहायला मिळाली, तर तिच्यात पेट्रोल कुठून भरतात ते शोधून पाहावे. बाहेरच्या पत्र्यावर कुठेही झाकण सापडत नाही. ड्रायव्हरने खाली उतरायचे, आपल्या सीटची गादी उचलायची, की खाली टाकीचे तोंड दिसते. टाकीत सुमारे ५७ लिटर पेट्रोल मावते. ते भरून झाले की गादी पुन्हा जागेवर ठेवायची आणि तिच्यावर बसून गाडी हाकायची!

आज हे ऐकताना अंगावर काटा येतो. इतक्या हुशार अभियंत्यांना ही साधी गोष्ट कशी कळली नाही, असे आपल्या मनात येते. विद्यार्थीही हाच प्रश्न विचारतील. पण इतिहासात एखादी गोष्ट वेडेपणाची वाटली, तर तो वेडेपणा कोणत्या प्रश्नाचे उत्तर होता, हे आधी शोधावे लागते. टाकीच्या जागेमागे असे तीन प्रश्न होते, आणि ते एकामागून एक पुढे आले. या लेखात आपण त्यांचा मागोवा घेऊ.

पहिला प्रश्न : पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचणार कसे?

आपल्याकडच्या जुन्या स्कूटरी आठवा. पेट्रोल संपत आले की चालक स्कूटर एका बाजूला तिरकी करायचा, थोडा वेळ थांबायचा आणि मग किक मारायचा. तळाशी राहिलेले पेट्रोल नळीच्या तोंडाशी यावे, एवढाच त्यामागचा हेतू. या स्कूटरींत पंप नव्हता. टाकी सीटखाली, कार्ब्युरेटर तिच्याहून खाली, आणि मधले काम गुरुत्वाकर्षणाचे. मोटारसायकलची टाकी इंजिनाच्या डोक्यावर बसवण्याचे मूळ कारणही हेच.

सुरुवातीच्या मोटारींतही अशीच सोय होती. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने तयार झालेली फोर्ड मॉडेल टी ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध गाडी. त्या काळी अमेरिकेतील खेड्यापाड्यांतले रस्ते म्हणजे धूळ, चिखल आणि चाकोऱ्या. त्यामुळे मॉडेल टी ही जणू आडवाटेसाठीच घडवलेली गाडी होती. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेच्या लाइट कार पेट्रोल तुकड्यांनी इजिप्तच्या पश्चिमेकडील वाळवंटात याच गाड्या वापरल्या.

बहुतेक मॉडेल टी गाड्यांत सुमारे ३८ लिटरची टाकी पुढच्या सीटखाली असे. पेट्रोल भरायचे तर पुढे बसलेल्यांना उठावे लागे. किती उरले आहे हे पाहायचे तर टाकीत एक काठी बुडवून बघायचे. टाकीतून एक नळी पुढे इंजिनाकडे जाई आणि पेट्रोल आपल्याच वजनाने कार्ब्युरेटरपर्यंत वाहत येई. सपाट जमिनीवर हे छान चाले. खरी परीक्षा असे ती चढावर.

समजा, टाकीतल्या पेट्रोलची पातळी कार्ब्युरेटरपेक्षा ३० सेंटिमीटर उंच आहे आणि टाकी कार्ब्युरेटरच्या १५० सेंटिमीटर मागे आहे. गाडी चढावर आली की पुढचा भाग वर उचलला जातो आणि मागची टाकी त्या मानाने खाली जाते. चढाचा कोन असा असेल की त्याचा टॅन्जंट ३० भागिले १५०, म्हणजे ०.२ होतो, तर टाकीतले पेट्रोल आणि कार्ब्युरेटर एकाच पातळीत येतात. हा कोन होतो सुमारे ११ अंश. त्याहून उभा चढ आला की पेट्रोल वाहणे थांबते आणि इंजिन बंद पडते. टाकी भरलेली असेल तर पातळी उंच, म्हणून थोडा अधिक चढ चालून जाई. टाकी रिकामी होत आली की साधी टेकडीही अवघड वाटे.

मग लोक काय करत? गाडी वळवून टेकडी उलटी चढत! मागचा भाग वर गेला की टाकी पुन्हा कार्ब्युरेटरच्या वर येई. शिवाय मॉडेल टीचा रिव्हर्स गिअर पुढच्या दोन्ही गिअरांपेक्षा अधिक जोर देणारा होता, त्यामुळे दुहेरी फायदा होई. ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली जाते, पण ती द्रवाच्या दाबाचा सरळ धडा आहे.

वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग

हा धडा मुलांना दाखवता येतो. सुमारे एक मीटर लांबीची फळी घ्या. तिच्या एका टोकाला आठदहा सेंटिमीटर उंचीचा ठोकळा बसवून त्यावर प्लॅस्टिकची बाटली घट्ट बांधा. बाटलीच्या तळाजवळ भोक पाडून त्यात सलाइनची स्वच्छ नळी बसवा आणि भोवती मेण लावा. नळीचे दुसरे टोक फळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन फळीलाच टेकवून बांधा. बाटलीत रंगीत पाणी भरा. फळी आडवी असताना पाणी वाहील. आता नळीचे टोक असलेली बाजू हळूहळू उचला. एका विशिष्ट कोनाला धार थांबेल. तो कोन मोजा. बाटली अर्धी करून पुन्हा मोजा. नंतर फळीची बाटलीकडची बाजू उचला आणि काय होते ते पाहा. पाण्याऐवजी रॉकेल किंवा पेट्रोल मात्र चुकूनही वापरू नये.

टाकी पुढे सरकते, मग पंप येतो

या अडचणीवर पहिला उपाय म्हणजे टाकी इंजिनाच्या जवळ आणि आणखी उंच नेणे. १९२७ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या फोर्ड मॉडेल ए गाडीत टाकी ड्रायव्हरच्या समोर, डॅशबोर्डच्या पुढे बसवली होती. कार्ब्युरेटरपासूनचे अंतर कमी झाले, उंची वाढली, आणि चढावरची अडचण जवळजवळ मिटली. इंधन किती आहे हे दाखवणारा काटाही सरळ टाकीतल्या तरंगत्या गोळ्याला जोडता आला. ब्रिटिश लष्करी अधिकारी राल्फ बॅग्नोल्ड यांनी १९२९ पासून लिबियाच्या वाळवंटात ज्या मोहिमा काढल्या, त्यांत मॉडेल ए गाड्या होत्या. वाळूच्या टेकड्या कशा बनतात व कशा सरकतात यावरचा त्यांचा १९४१ चा ग्रंथ आजही भूगोलाच्या व भौतिकशास्त्राच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. त्या ज्ञानाची एक वाट अशी गुडघ्यांपुढच्या पेट्रोलच्या टाकीजवळून गेली!

दुसरा उपाय अधिक चलाखीचा होता. इंजिन चालू असताना ते हवा ओढते आणि त्याच्या नळ्यांत हवेचा दाब कमी होतो. या कमी दाबाचा उपयोग करून मागच्या टाकीतले पेट्रोल इंजिनाजवळच्या एका छोट्या टाकीत ओढून घ्यायचे आणि तिथून ते गुरुत्वाकर्षणाने खाली सोडायचे. १९१५ च्या सुमारापासून ही 'व्हॅक्यूम टाकी' अनेक गाड्यांत दिसू लागली. पण लांबच्या चढावर ड्रायव्हर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरतो, तेव्हा इंजिनातली ही ओढच कमी होते. म्हणजे गरज सर्वांत जास्त तेव्हाच पुरवठा सर्वांत कमी!

खरी सुटका झाली ती १९२० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या यांत्रिक पंपाने. इंजिनाच्याच फिरत्या दांड्यावरचा उंचवटा एका लवचीक पडद्याला वरखाली हलवतो आणि पेट्रोल ओढून पुढे ढकलले जाते. आता टाकी कार्ब्युरेटरच्या वर असण्याची गरज उरली नाही. ती खाली, मागे, बाजूला, कुठेही ठेवता येऊ लागली. पहिला प्रश्न सुटला आणि दुसरा पुढे आला : आता ती ठेवायची तरी कुठे?

दुसरा प्रश्न : दगडधोंड्यांतून ती टिकेल कशी?

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने एक हलकी, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी हवी असल्याचे जाहीर केले. १३५ कंपन्यांना विचारणा झाली. मुदत अगदी तुटपुंजी आणि वजनाची पहिली मर्यादा अवघी ५९० किलो. बॅन्टम या छोट्या कंपनीने अभियंता कार्ल प्रोब्स्ट यांच्या मदतीने ४९ दिवसांत नमुना तयार केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी लष्कराच्या हवाली केला. पुढे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून युद्धकाळात सुमारे ६ लाख ४० हजार जीप बनवल्या. वजनाची मर्यादा वाढवावी लागली. शेवटी जीप भरली सुमारे १,१०० किलोंची.

या गाडीच्या दोन आसांमधले अंतर होते फक्त २०३ सेंटिमीटर. एवढ्याशा जागेत इंजिन, गिअर, चौघांची बैठक आणि ५७ लिटरची टाकी बसवायची. टाकी पार मागे, मागच्या चाकांच्याही पलीकडे लटकवली असती तर काय झाले असते? दोन गोष्टी झाल्या असत्या.

पहिली गोष्ट उतरतानाची. खड्ड्यातून वर येताना किंवा बांधावरून उतरताना गाडीचा मागचा भाग जमिनीला घासतो. मागच्या चाकाच्या पलीकडे जितके कमी सामान लोंबेल, तितका तो कमी घासतो. विलीज जीप मागच्या बाजूला सुमारे ३५ अंशांचा कोन सहज पार करू शके. तिथे टाकी लटकली असती तर हा कोन कमी झाला असता आणि पहिला धोंडा टाकीलाच लागला असता.

दुसरी गोष्ट तरफेची. पेट्रोलची घनता दर लिटरला सुमारे ०.७४ किलो धरली, तर ५७ लिटरांचे वजन ४२ किलो होते. समजा, हे वजन मागच्या आसाच्या ६० सेंटिमीटर मागे आहे. मागचा आस हा टेकू मानला, तर पुढच्या चाकांवरचा भार ४२ गुणिले ६० भागिले २०३, म्हणजे सुमारे १२ किलोंनी कमी होतो आणि मागच्या चाकांवर ५४ किलो वाढतात. आकडा लहान वाटेल. पण उभ्या चढावर पुढची चाके आधीच हलकी झालेली असतात, आणि चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीत पुढच्या चाकांची जमिनीवरची पकड गमावणे म्हणजे अर्धी ताकद गमावणे. शिवाय टाकी रिकामी होत जाईल तसा गाडीचा तोलही बदलत राहणार. हेच वजन दोन आसांच्या मध्ये ठेवले, तर ते दोन्हीकडे वाटले जाते आणि हा त्रास होत नाही.

म्हणून टाकी मध्ये आली. मध्ये तरी कुठे? विलीज जीपचे पुढचे आणि मागचे डिफरन्शियल आसाच्या मधोमध नसून उजवीकडे सरकलेले आहे. त्यांना जोर पोहोचवणारे फिरते दांडेही उजव्या बाजूने जातात. डावीकडची जागा मोकळी राहते, आणि अमेरिकी गाडीत ड्रायव्हर डावीकडे बसतो. फरशीच्या पत्र्यात एक खोलगट भाग करून त्यात टाकी बसवली आणि वर सीट ठेवली. खालून पत्र्याचे संरक्षण, भोवती सांगाड्याचा आधार, चाकांपासून अंतर, आणि सीटसाठी आयताच उंचवटा. त्या वेळी विचारलेल्या प्रश्नाचे हे फार चांगले उत्तर होते, असे आम्हाला वाटते.

इंधन भरण्याचीही एक गंमत आहे. उत्तर आफ्रिकेच्या लढाईत ब्रिटिशांचे चार गॅलनचे पातळ पत्र्याचे डबे इतके गळत की वाटेतच बरेच पेट्रोल वाया जाई. जर्मनांचा २० लिटरचा मजबूत डबा दोस्तांनी उचलला आणि त्याला 'जेरीकॅन' हे नाव मिळाले. जीपच्या मागे हा कॅन अडकवण्याची सोय होती. पण कॅनमधून सीटखालच्या अरुंद तोंडात पेट्रोल ओतणे कठीण, म्हणून नंतरच्या जीपमध्ये टाकीचे तोंड मोठे करून त्यात वर ओढता येणारी नळी बसवली. १९४५ मध्ये नागरिकांसाठी सीजे-२ए ही जीप निघाली, तेव्हा टाकी सीटखालीच राहिली, पण भरण्याचे तोंड गाडीच्या बाहेरच्या बाजूला आले.

जीपचा कित्ता

युद्ध संपले आणि जीपचा कित्ता जगभर गिरवला गेला. इंग्लंडमध्ये रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स आपल्या शेतावर लष्कराची जुनी जीप वापरत. तिच्यावरून त्यांना लँड रोव्हरची कल्पना सुचली. १९४७ चा पहिला नमुना जीपच्याच सांगाड्यावर उभारला होता. ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर लोकांपुढे आली. तिची सुमारे ४५ लिटरची टाकी उजव्या सीटखाली होती. जपानमध्ये टोयोटाच्या १९६० पासूनच्या प्रसिद्ध लँड क्रूझर मालिकेतही कित्येक वर्षे टाकी ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली असे. आपल्याकडे १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि 'जीप' हा शब्द पोलीस ठाण्यापासून साखर कारखान्यापर्यंत मराठीत रुळला.

म्हणजे युद्धाच्या घाईत निवडलेली जागा शांततेच्या काळातही तशीच पुढे चालत राहिली. आता या गाड्यांतून शेतकरी, डॉक्टर, पर्यटक आणि त्यांची मुले प्रवास करत होती. रस्ते गुळगुळीत झाले होते, वेग वाढले होते, आणि उघड्या जीपवर बंद टप चढले होते.

तिसरा प्रश्न : आतल्या माणसाचे काय?

बंद टपामुळे एक नवीच अडचण आली. पेट्रोलची वाफ हवेच्या तिप्पट ते चौपट जड असते. ती वर उडून जात नाही, खाली साचते. उघड्या जीपमध्ये वारा तिला घेऊन जाई. बंद गाडीत टाकीचा सांधा किंचित जरी गळला, तरी वाफ फरशीवर साठते. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असेल, तर एक ठिणगी पुरते. अपघातात टाकी फुटली, तर पेट्रोल सरळ माणसांच्या पायांशी. माणूस आणि इंधन यांच्यामध्ये पोलादी भिंत असावी, हा विचार टाकीची जागा ठरवताना कोणी मोजलाच नव्हता.

तो मोजायला लावला कायद्याने. अमेरिकेत मोटारींच्या इंधनव्यवस्थेसाठीचा सुरक्षा नियम १ जानेवारी १९६८ पासून लागू झाला. सुरुवातीला तो फक्त प्रवासी मोटारींना आणि समोरून होणाऱ्या धडकेला लागू होता. १९७० च्या दशकात फोर्ड पिंटो या छोट्या मोटारीची मागच्या आसामागची टाकी धडकेत पेट घेते, यावरून मोठे वादळ उठले आणि १९७८ मध्ये सुमारे १५ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या. त्याच सुमारास नियम कडक झाला. मागून ताशी ४८ किलोमीटर वेगाची धडक, बाजूची धडक, आणि त्यानंतर गाडी उलटीपालटी करून किती इंधन गळते याचे मोजमाप, या चाचण्या त्यात आल्या. जीपसारख्या गाड्या आणि हलके ट्रकही नियमाखाली आले. आडवाटेवर गाडी कलंडणे नेहमीचे, तेव्हा ही शेवटची चाचणी या गाड्यांसाठी विशेष महत्त्वाची.

१९७० च्या आसपास जीपची टाकी सीटखालून निघून मागे, सांगाड्याच्या दोन पट्ट्यांमध्ये गेली. त्या दशकाच्या अखेरीस लँड क्रूझरचीही टाकी बैठकीच्या जागेतून बाहेर पडली. प्रश्न सुटला असे वाटले. पण जागा बदलली की धोका नाहीसा होत नाही, तोही जागा बदलतो. अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या १९७३ नंतरच्या पिकअप ट्रकांत टाकी केबिनमधून काढून सांगाड्याच्या बाहेरच्या अंगाला बसवली. तिथे तिला बाजूच्या धडकेचा धोका निर्माण झाला, आणि १९९२ ते १९९४ या काळात त्याची सरकारी चौकशी झाली. जीपच्या ग्रँड चेरोकी आणि लिबर्टी या गाड्यांत टाकी मागच्या आसाच्या मागे होती. २०१३ मध्ये अमेरिकी सरकारने अशा सुमारे २७ लाख गाड्या परत बोलवायला सांगितले. कंपनीने आधी नकार दिला, नंतर सुमारे १५ लाख गाड्यांबाबत तयारी दाखवली. पिंटोचा धडा ३५ वर्षांनी पुन्हा गिरवावा लागला.

मग शेवटी टाकी गेली कुठे? जीपच्या रँग्लर या गाडीत २००७ च्या मॉडेलपासून ती मागच्या आसाच्या पुढे, डाव्या अंगाला आली. म्हणजे १९४१ ची जागा आणि ही जागा यांत फारसे अंतर नाही! फरक आहे तो टाकी आणि माणूस यांच्यामध्ये काय आहे यात. टाकी आता फरशीच्या वर नाही, खाली आहे. तिच्याखाली जाड संरक्षक पत्रा आहे आणि भरण्याचे तोंड बाहेर आहे. दोन आसांच्या मधली जागा तोलासाठी चांगली होतीच, आणि मागच्या धडकेपासूनही तीच सर्वांत दूर आहे. चुकले होते ते माणसाला आणि इंधनाला एकाच खोलीत ठेवणे.

विद्यार्थ्यांसाठी या इतिहासातून काय घ्यावे? पहिल्या अभियंत्यांनी विचारले, पेट्रोल पोहोचेल का? दुसऱ्यांनी विचारले, टाकी टिकेल का? दोघांनीही आपापल्या प्रश्नाला उत्तम उत्तर दिले. माणूस वाचेल का, हा प्रश्न मात्र सर्वांत उशिरा विचारला गेला, आणि तो विचारण्यापूर्वी अनेकांना प्राण गमवावे लागले. कोणत्याही यंत्राचे चित्र फळ्यावर काढताना हा भाग इथेच का, असे आपण मुलांना विचारतोच. त्याला आणखी एका प्रश्नाची जोड द्यायला हवी : ही जागा ठरवताना कोणाचा विचार राहून गेला असेल?

शाळेच्या आवारात उभी असलेली मोटारसायकल, ट्रॅक्टर, रिक्षा आणि शाळेची बस यांच्या टाक्या कुठे आहेत, याची यादी मुलांना करायला सांगावी. प्रत्येक जागेपुढे कारण लिहायला सांगावे. काही कारणे गुरुत्वाकर्षणाची निघतील, काही सोयीची, काही केवळ जुन्या सवयीची. त्यातले एखादे कारण आज लागू उरलेले नाही, हे जो विद्यार्थी ओळखील, त्याला हा धडा समजला असे खुशाल मानावे.